घर सोडून आलेल्या मुलांसाठी निवारा: इंदूरच्या संस्थांनी सरकारी अनुदान कसं मिळवावं

इंदूरमध्ये एकटी मुलं कुठे सापडतात हे शहराला ठाऊक आहे. रेल्वे स्टेशनचे फलाट, सरवटे आणि गंगवाल बस स्टँड, खजराना गणेश मंदिराचा परिसर, रात्री उशिरापर्यंत जागा असलेला सराफा. कुणी घरच्या मारहाणीला कंटाळून निघालेलं असतं, कुणी नापास झाल्याच्या भीतीनं, कुणाला कामाच्या आमिषानं आणलेलं असतं. शहरातल्या मराठी मंडळांकडे आणि ट्रस्टांकडे वास्तू आहेत, निवृत्त शिक्षक आणि परिचारिका आहेत, या मुलांसाठी काही करावं अशी मनापासून इच्छाही आहे. पैशाचा विषय निघाला की बैठक थांबते. कुणीतरी म्हणतं, सरकारचं अनुदान असतं म्हणे.

असतं. पण ते मिळण्याचा क्रम बहुतेक मंडळी उलटा धरतात. आधी खोल्या रंगवतात, गाद्या आणतात, उद्घाटन करतात आणि मग अर्ज कुठे करायचा ते शोधतात. अनुदानाचा सगळा डोलारा उभा असतो तो एकेका मुलाच्या नोंदीवर: ते कधी सापडलं, कुणी आणलं, बाल कल्याण समितीसमोर, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या कायदेशीर समितीसमोर, कधी उभं केलं, पुढे कुठे गेलं. ही नोंद नीट ठेवायची तयारी असेल तर पुढचं सगळं जमतं, म्हणून हा लेख त्याच क्रमानं लिहिला आहे.

आधी वयाची रेघ

अठराच्या आतलं मूल आणि अठरा पूर्ण केलेला तरुण यांच्यासाठी कायदा वेगळा, खातं वेगळं आणि पैसेही वेगळे. एकाच प्रस्तावात दोघांना कोंबलं तर फाइल दोन्हीकडून परत येते.

अठराच्या आतल्या मुलांना बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 लागू होतो. या कायद्याच्या कलम 2(14) मध्ये 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल' कोण ते सांगितलं आहे. घर किंवा कायमचा ठावठिकाणा नसलेलं, हरवलेलं, पळून आलेलं मूल त्यात येतं. यांच्यासाठीची केंद्र पुरस्कृत योजना म्हणजे मिशन वात्सल्य. 2009-10 मध्ये एकात्मिक बाल संरक्षण योजना म्हणून जी सुरू झाली, तिचंच हे पुढचं रूप. 2021-22 ते 2025-26 या काळासाठी ती मंजूर झाली आणि तिच्या मार्गदर्शक सूचना जुलै 2022 मध्ये आल्या. मध्य प्रदेशात खर्चाचा वाटा केंद्राचा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के. प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा चालू आर्थिक वर्षाचे खर्चाचे निकष जिल्ह्याच्या कार्यालयातून मागून घ्या आणि आकडे त्यावरूनच भरा.

वयाबद्दल शंका असेल तर कलम 94 मधला क्रम पाळायचा: शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगर निगम वा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. हा निर्णय बाल कल्याण समितीचा असतो. संस्थेनं दाढीमिशा बघून वय ठरवायचं नाही.

निवाऱ्याचा प्रकार निवडा

पळून आलेल्या मुलांसाठी कायद्यात कलम 43 खाली 'ओपन शेल्टर', म्हणजे खुला निवारा, दिला आहे. वस्तीत असलेली, थोड्या काळासाठी राहण्याची सोय. मुलाला अत्याचारापासून आणि रस्त्यावरच्या जगण्यापासून दूर ठेवणं हा तिचा हेतू. बालगृह ही त्यापेक्षा लांब मुदतीची आणि मोठ्या जबाबदारीची गोष्ट. पहिल्यांदाच या कामात उतरणाऱ्या संस्थेनं खुल्या निवाऱ्यापासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचं एकक लहान, साधारण 25 मुलांचं असतं. स्टेशन किंवा बस स्टँडपासून जवळ जागा मिळाली तर कामाला खरा अर्थ येतो, कारण घाबरलेलं मूल शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यायला फार समजवावं लागतं. राजेंद्र नगरची मोठी वास्तू मोफत मिळते म्हणून तिथे निवारा काढण्यापेक्षा सरवट्याजवळच्या भाड्याच्या चार खोल्या जास्त उपयोगी पडतात.

मुलगे आणि मुली यांच्यासाठी स्वतंत्र संस्था लागते. कुणाची सोय आपल्याला नीट करता येईल हे प्रामाणिकपणे ठरवा. मुलींसाठी स्त्री कर्मचारी दिवसरात्र हव्यात, आणि रात्रपाळीला माणसं मिळणं हे या कामातलं सगळ्यात अवघड गणित आहे.

नोंदणी झाल्याशिवाय एकही रात्र नाही

इथे मला थोडं थांबून बोलायचं आहे, कारण चांगल्या मनाची माणसं नेमकी इथेच गोत्यात येतात. "दोन-तीन मुलं तर आहेत, राहू दे मंडळाच्या हॉलमध्ये," हे कायद्याला चालत नाही. सरकारचे पैसे घ्या किंवा न घ्या, अशा मुलांना ठेवणारी प्रत्येक संस्था कलम 41 खाली नोंदणीकृत असावी लागते. नसेल तर कलम 42 प्रमाणे चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. नोंदणीच्या अर्जाला होणाऱ्या दर 30 दिवसांच्या उशिराला वेगळा गुन्हा धरलं जातं.

केंद्राच्या आदर्श नियमांमध्ये नोंदणीचा अर्ज फॉर्म 27 मध्ये आहे आणि प्रमाणपत्र फॉर्म 28 मध्ये मिळतं. अर्ज जिल्हा बाल संरक्षण युनिटकडे जातो. हे युनिट महिला एवं बाल विकास विभागाच्या अखत्यारीत असतं आणि बोलताना सगळे त्याला डीसीपीयू म्हणतात. 2021 च्या दुरुस्तीनंतर, जी 1 सप्टेंबर 2022 पासून लागू झाली, जिल्हाधिकाऱ्यांचा अधिकार वाढला आहे. नोंदणीआधी संस्थेची क्षमता आणि पार्श्वभूमी तपासून ते राज्य सरकारकडे शिफारस करतात. म्हणजे मोती तबेल्यातल्या कलेक्टर कार्यालयाशी तुमचा संबंध पहिल्या दिवसापासून येणार. अर्ज आल्यापासून एक महिन्यात तात्पुरती नोंदणी मिळू शकते, ती जास्तीत जास्त सहा महिन्यांची. पक्की नोंदणी पाच वर्षांची असते.

तपासणीला येणारे अधिकारी जागा मोजतात. आदर्श नियमांप्रमाणे शयनकक्षात दर मुलामागे 40 चौरस फूट जागा, दर सात मुलांमागे एक संडास आणि दर दहा मुलांमागे एक न्हाणीघर हवं. समुपदेशनासाठी वेगळी खोली, आजारी मुलासाठी वेगळी खोली, स्वयंपाकघर, खेळायला जागा. अग्निशमनाचं प्रमाणपत्र, इमारतीच्या सुरक्षिततेचा दाखला आणि भाडेकरार आधीच तयार ठेवा. सूचनापेटी मुलांच्या खोल्यांजवळ लावायची, कार्यालयाच्या दाराशी नाही. तिची किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे राहते आणि दर आठवड्याला मुलांच्या समितीसमोर ती उघडली जाते. किरकोळ वाटणारी ही पेटी खूप काही सांगते. अधिकारी ती उघडून बघतात, आणि बघायलाच हवी.

स्वयंपाकीण, चौकीदार, स्वयंसेवक, अध्यक्ष, प्रत्येकाचं पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या. मंडळातल्या ज्येष्ठांना याचा राग येतो. त्यांना समजावून सांगा, पण सूट देऊ नका.

संस्थेची कपाटं उघडा

इंदूरच्या अनेक मराठी संस्था जुन्या आहेत आणि त्यांची मूळ नियमावली मराठीत, गणेशोत्सव, वाचनालय, व्याख्यानं अशा उद्देशांनी लिहिलेली आहे. मुलांच्या संरक्षणाचा किंवा कल्याणाचा उद्देश तिच्यात नसेल तर अनुदानाचा अर्ज पहिल्याच टेबलावर अडेल. त्यामुळे सर्वसाधारण सभा बोलवा, उद्देशात दुरुस्ती करा आणि ती रजिस्ट्रार फर्म्स व सोसायटी यांच्याकडे नोंदवा. मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, 1973 च्या धारा 27 आणि 28 ची वार्षिक माहिती, म्हणजे कार्यकारिणीची यादी आणि तपासलेले हिशेब, थकलेली असेल तर तीही भरून टाका. मराठी कागदांचं हिंदी भाषांतर करून प्रमाणित प्रती ठेवा, कारण सगळा पत्रव्यवहार हिंदीतच होतो.

बाकीचं थोडक्यात. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर नोंदणी करून युनिक आयडी घ्या, संस्थेचा पॅन आणि आयकर विभागाकडची धर्मादाय संस्थेची नोंदणी (जिला 12ए म्हणत) चालू असू द्या, या कामासाठी स्वतंत्र बँक खातं उघडा आणि ते सरकारी पैशाचा माग ठेवणाऱ्या पीएफएमएस प्रणालीत नोंदवा. मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि वार्षिक अहवाल एका फाइलमध्ये लावा. संस्थेचं नाव पॅनवर, बँकेत, दर्पणवर आणि नोंदणीपत्रावर अक्षरश: एकच हवं. 'इंदूर' आणि 'इंदौर' एवढ्या फरकावरूनही आक्षेप निघू शकतो.

गरज आकड्यांनी दाखवा

प्रस्तावाचं पहिलं पान वाचणाऱ्याला एकच जाणून घ्यायचं असतं: या जिल्ह्यात या निवाऱ्याची गरज का? तिथे 'मुलं ही देवाघरची फुलं' लिहू नका. डीसीपीयू, बाल कल्याण समिती, रेल्वे सुरक्षा दल (आरपीएफ) आणि रेल्वे पोलीस (जीआरपी) यांच्याकडे लेखी अर्ज करून विचारा: गेल्या तीन वर्षांत किती एकटी मुलं मिळाली, किती मुलगे, किती मुली, कोणत्या वयाची, किती घरी परत गेली. आरपीएफची 'नन्हे फरिश्ते' मोहीम याच कामाची आहे, त्यांच्याकडे नोंदी असतात. चाइल्डलाइन 1098 ही मुलांसाठीची फोनसेवा 2023 पासून राज्य आणि जिल्ह्याच्या यंत्रणेमार्फत चालते आणि 112 शी जोडलेली आहे, त्यामुळे तिथली माहितीही जिल्ह्यातच मिळेल.

सरकारी आकड्यांसोबत तुमचा स्वतःचा नकाशा जोडा. स्वयंसेवकांच्या जोड्या करून वेगवेगळ्या वेळी स्टेशन, बस स्टँड, मंदिरं, एम. वाय. हॉस्पिटलचा परिसर बघा. मूल कुठे दिसलं, कोणत्या वेळी, एकटं की टोळीत, काम करतंय की नशेत आहे, हे लिहा. नाव लिहू नका, फोटो काढू नका. आणि हा सर्व्हे करताना एकटं मूल दिसलं तर सर्व्हे तिथेच थांबतो. कलम 32 प्रमाणे 24 तासांच्या आत 1098, पोलीस, बाल कल्याण समिती किंवा डीसीपीयू यांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. मोजून घेतलं आणि सोडून दिलं असं होता कामा नये.

फोटोंबद्दल अजून एक. प्रस्तावात, देणगीच्या पत्रकात, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, कुठेही मुलाची ओळख पटेल असं काही टाकू नका. कलम 74 त्याला मनाई करतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड.

अंदाजपत्रक

खर्चाचे दोन भाग पाडा. एकदाच होणारा खर्च, म्हणजे पलंग, कपाटं, भांडी, संगणक. आणि दर महिन्याचा, म्हणजे पगार, भाडं, जेवण, औषधं, वीज. मिशन वात्सल्यच्या निकषांत बाल देखभाल संस्थेतल्या मुलाच्या देखभालीसाठी दरमहा 3000 रुपये धरले आहेत. समजा वर्षभर सरासरी 20 मुलं राहिली, तर हा आकडा वर्षाला 7,20,000 रुपये होतो. अंदाजपत्रक मंजूर संख्येवर नाही, अशा खऱ्या सरासरीवर मांडा. खुल्या निवाऱ्यात मुलं येत-जात राहतात. पट फुगवून दाखवला तर तपासणीच्या दिवशी रिकाम्या गाद्या दिसतात आणि संस्थेवरचा विश्वास तिथेच संपतो.

निकषांत न बसणारे खर्च वेगळ्या तक्त्यात दाखवा आणि ते कुठून भागवणार तेही लिहा. रात्रीची रिक्षा, पहिल्या दिवशीचे कपडे-चपला, घरच्यांशी बोलायला लागणारे फोन, मुलाला घरी पोचवायचा प्रवास. ही यादी वाचली की वाचणाऱ्याला कळतं की या माणसांना काम माहीत आहे.

फाइलचा प्रवास

प्रस्ताव डीसीपीयूकडे द्यायचा, आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घ्यायची. तिथून तो जिल्हा प्रशासनाच्या शिफारशीसह भोपाळला महिला एवं बाल विकास संचालनालयात जातो. राज्य आपल्या सगळ्या जिल्ह्यांची मागणी एकत्र करून वार्षिक प्रस्ताव बनवतं, आणि केंद्रात मंत्रालयाचं प्रकल्प मंजुरी मंडळ तो बघतं. म्हणून मार्चमध्ये दिलेला प्रस्ताव एप्रिलपासूनच्या वर्षात बसणं कठीण. दिवाळीच्या आसपास तुमची फाइल जिल्ह्यात पूर्ण झालेली हवी.

आक्षेप आले तर नाराज होऊ नका. प्रत्येक आक्षेपाचं उत्तर क्रमांकानं, सोबत कागद जोडून, लेखी द्या. तोंडी दिलेलं उत्तर फाइलमध्ये राहत नाही. 'पैसे लवकर सोडवून देतो' म्हणणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवा.

मंजुरीनंतर हिशेब

केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम, 2017 मध्ये अनुदानाचे नियम आहेत आणि तुमच्या अकाउंटंटनं ते वाचलेले असायलाच हवेत. खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र फॉर्म जीएफआर 12-ए मध्ये द्यायचं असतं, आर्थिक वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांच्या आत. प्रत्यक्षात ते एप्रिल-मेमध्येच तयार ठेवा, कारण मागचं प्रमाणपत्र नसेल तर पुढचा हप्ता हलत नाही. अनुदानाच्या रकमेवर बँकेनं दिलेलं व्याज संस्थेचं नसतं, ते सरकारला परत जातं. अनुदानातून घेतलेलं कपाटसुद्धा मंजुरीशिवाय विकता येत नाही, त्याची नोंद मालमत्ता रजिस्टरमध्ये राहते. आणि याच कामासाठी दुसऱ्या खात्याकडून अनुदान घेतलेलं नाही असं प्रमाणपत्रही द्यावं लागतं.

मुलांची कागदपत्रं पैशाच्या कागदपत्रांइतकीच कडक. मूल मिळाल्यापासून, प्रवासाचा वेळ सोडून, 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर. आदर्श नियमांत त्यासाठी फॉर्म 17, सामाजिक तपास अहवालासाठी फॉर्म 22, वैयक्तिक काळजी आराखड्यासाठी फॉर्म 7 आहे. सामाजिक तपास 15 दिवसांत आणि समितीचा अंतिम आदेश चार महिन्यांत व्हायला हवा. खुल्या निवाऱ्यानं दर महिन्याला राहणाऱ्या मुलांची माहिती डीसीपीयू आणि समितीला पाठवायची असते. जिल्हा निरीक्षण समिती किमान तीन महिन्यांतून एकदा येते. यातलं एकही काम महिनाअखेरीला एकदम करण्यासारखं नाही. सामाजिक कार्यकर्तीला रोजचा एक तास फक्त लिहिण्यासाठी द्या आणि त्या तासात तिला दुसरं काम सांगू नका.

मराठी बोलणारं मूल आलं तर

मुंबईहून अवंतिका एक्सप्रेसनं किंवा पुण्याच्या गाडीनं आलेलं, फक्त मराठी बोलणारं मूल इथे हिंदीत विचारलेल्या प्रश्नांना 'हो' 'हो' म्हणत राहतं आणि अहवालात भलतंच गाव लिहिलं जातं. इथे इंदूरच्या मराठी माणसाला उद्यापासूनच करता येईल असं काम आहे, त्यासाठी निवाराही लागत नाही. डीसीपीयूकडे दुभाषे आणि भाषांतरकारांची यादी असते. आपलं नाव त्यात नोंदवा. शांतपणे ऐकणारी, मुलाला 'पळून का आलास?' असं दरडावून न विचारणारी माणसं हवीत. 'बाळा, जेवलास का?' इथून सुरुवात करणारी.

असं मूल घरी पाठवताना कलम 95 लागू होतं. समिती मुलाच्या जिल्ह्यातल्या समितीशी बोलून बदलीचा आदेश देते, आणि विशेष किशोर पोलीस पथकानं 15 दिवसांत त्याला पोचवायचं असतं. मुलीसोबत महिला पोलीस अधिकारी हवीच. पथक उपलब्ध नसेल तर सोबत देण्याची जबाबदारी समिती संस्थेवर किंवा डीसीपीयूवर टाकू शकते, म्हणून वर प्रवासखर्चाची ओळ सुचवली. मात्र घर म्हणजे नेहमीच सुरक्षित जागा असं धरू नका. मूल लैंगिक अत्याचार सांगत असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या, कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. मूल अत्याचार किंवा मारहाण सांगत असेल तर परत पाठवायचं की नाही हे नव्यानं ठरतं.

अठरा पूर्ण झाल्यावर

संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी कलम 46 खाली आफ्टरकेअर आहे, साधारण 21 वर्षांपर्यंत. मिशन वात्सल्यमध्ये त्यासाठी दरमहा 4000 रुपये. मध्य प्रदेशची स्वतःची मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजनाही आहे, जी संस्था सोडणाऱ्या तरुणांच्या प्रशिक्षणाला आणि शिक्षणाला आधार देते. मूल सतरा वर्षांचं झालं की हे अर्ज सुरू करा. अठराव्या वाढदिवसानंतर धावपळ केली तर मधले महिने त्याला कुणाचाच आधार नसतो.

जे तरुण कधीच संस्थेत नव्हते, त्यांच्यासाठी नगर निगमचे रैन बसेरे, म्हणजे रात्रनिवारे, आहेत. भीक मागणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी केंद्राची स्माइल योजना 2022 मध्ये आली, आणि त्याआधीच्या पथदर्शी प्रयोगासाठी निवडलेल्या दहा शहरांत इंदूर होतं. हे पैसे सामाजिक न्याय मंत्रालयाचे असल्यानं प्रस्ताव वेगळा, हिशेब वेगळा आणि खातंही वेगळं ठेवायचं.

हप्ता उशिरा येतो तेव्हा

मंजुरीपत्र हाती आलं म्हणजे पैसे आले असं नाही. हप्ते मागे पडतात, आणि मुलांना रोज दोन वेळा जेवायचं असतं. सुरू करण्याआधी किमान सहा महिन्यांचा चालू खर्च संस्थेच्या स्वतःच्या खात्यात असावा. पीथमपूरच्या कारखान्यांकडे कंपनी कायद्याच्या कलम 135 खालचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा, निधी असतो, त्यासाठी संस्थेनं सीएसआर-1 फॉर्म भरून नोंदणी करावी. मराठी समाजातून दरमहा ठरलेली छोटी रक्कम देणारी पन्नास घरं मिळाली तर एका मोठ्या देणगीदारापेक्षा ती जास्त कामाची, कारण ती दर महिन्याला येते. हा निधी उभा राहत नसेल तर निवारा पुढच्या वर्षावर ढकला, आणि तोवर दुभाषांच्या यादीत नाव, स्टेशनवरची पाहणी आणि डीसीपीयूशी ओळख एवढं करा. पुढच्या दिवाळीला प्रस्ताव देताना त्या वर्षाच्या कामाची नोंदवही सोबत जोडता येईल.